एका शब्दाची शिकवणी

समानार्थी शब्द लिहा: डोळा.

सीताबर्डीहून आणलेलं मालिशचं तेल.

कवितेतली बाई रात्री दार का लावत नाही? गुण तीन.

उजवा हात उशीवर. डावा मोकळा.

"बरोबर."

अर्धांगवायूनंतर देवराव गुरुजींकडे एवढाच शब्द उरला. तहान लागली, तरी बरोबर. डास चावला, तरी बरोबर. समज गेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं. कळत नाही, तर दुःखही नाही. शिकवणी त्यांनी चालू ठेवली. संध्याकाळी मुलं खाटेभोवती बसून गृहपाठ वाचत, गुरुजी बरोबर म्हणत, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसे.

एकदा त्यांच्यातला शालिकराम शाळेतून मार खाऊन आला.

"काकू, गुरुजी बरोबर म्हणले अन् मले छडी भेटली!"

"काय लिवलं होतं गा?"

"मालकाच्या विरुद्ध मालकीण."

"याच्या घरी तसंच असन," चारुलता म्हणाली.

कौशल्याबाईंना हसू आलं. "उत्तरं घरूनच पक्की करून या. इथं नुसती वाचा. त्यायले काय समजते आता?"

चारुलतेला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम चुकीचं वाचलं.

"बाई दार लावत नाही, कारण तिले उकडून राहिलं."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. डावा हात खाटेवर आपटला.

"कारण कडी मोडली."

"बरोबर." हात पुन्हा आपटला.

"कारण घर सोडून गेलेला मुलगा परत येईल, असं तिला वाटतं."

"बरोबर." हात शांत.

"काकू! गुरुजींले समजते! सारं समजते!"

कौशल्याबाई तेलाची बाटली घेऊन दारातच थांबल्या. याच खाटेशी बसून त्या शेजारच्या कुसुमताईंना म्हणाल्या होत्या, "देवानं सोडवलं तं बरं होईल वं." तेव्हाही गुरुजी बरोबर म्हणाले होते. हाताकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मुलं गेली. कौशल्याबाई खाटेजवळ खाली बसल्या.

"मी कुसुमताईले बोलली, ते तुम्ही ऐकलं होतं?"

"बरोबर."

हात हलला नाही.

आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी मुलांना लवकर सोडलं होतं. दिवसभर बोलून कंटाळा आला, म्हणाले.