पास झाली तर पंचाईत

माझ्या खोलीत मुलांची परीक्षा घेतात, असा लोकांचा समज आहे. परीक्षा कसली! मूल कुठे अडतं ते मी शोधते. अडण्याची जागा सापडली, की शाळेतून त्याला रोज तासभर वेगळी शिक्षिका मिळते. नाही सापडली, तर ते वर्गात तसंच मागे पडत राहतं.

चिमणी आली ती घट्ट वेण्या घालून, चेहरा त्याहून घट्ट. तिला वाचताच येत नाही, अशी वर्गशिक्षिकेची तक्रार. आई घरी शिकवण्या घेणारी. तिने दारातच मला बजावलं, "माझ्या हाताखालचं एकही पोर आजवर नापास झालेलं नाही, मॅडम."

मूल बिचकू नये म्हणून मी वर्गातल्याच पुस्तकापासून सुरुवात करते. चिमणीने धडा घडाघडा वाचला. पान संपलं, तरी गाडी थांबेना. पान न उलटताच बाईसाहेब पुढचं पान वाचून मोकळ्या!

"पाठ कुणी करून घेतलं गं?"

"आईने. सगळं पुस्तक."

मला हसू आवरेना. नुसतं ऐकून अख्खं पुस्तक पाठ! अशी स्मरणशक्ती मला असती, तर मी रोज चष्मा शोधत बसले नसते. पण आईचा रागही आला. तिच्या या कष्टांपायी पोरीची मदत हातची जाणार होती. मी तिला आत बोलावलं.

"ताई, इथे पास झाली तर पंचाईत. मग मदत नाही मिळणार."

"मग काय नापास होऊ देऊ?" तिचा आवाज चढला. "शिकवणीवालीची मुलगीच ढ, असं म्हणू दे लोकांना?"

"ढ पोरीचं पुस्तक पाठ होतं होय? डोकं लख्ख आहे तिचं. अक्षरांशी अडतंय, आणि ते शिकवता येतं. पण नेमकं कुठे अडतंय, ते मला दिसू तर द्या."

मी एका नव्या गोष्टीचं पान चिमणीपुढे ठेवलं. तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बोट पुढे सरकेना. तिने आईकडे पाहिलं.

"आई, येत नाही म्हणू का?"

आईचे डोळे भरून आले. "म्हण बाळा. मोठ्याने म्हण."

"मला येत नाही!" चिमणी ओरडली आणि खुर्चीत सैलावून बसली.

"शाबास," मी म्हटलं आणि पेन्सिल उचलली.