वळणावरची टोपी

अखानाकोच्या घाटमाथ्यावर गाडी थांबली की फोर्तुनाता खाली उतरायची, कोकाची तीन धड पानं निवडायची, ओठांपाशी धरून डोंगराच्या दिशेनं हलकेच फुंकर घालायची आणि एका दगडाखाली ठेवून द्यायची. हे तिच्या आईचं शिकवणं. डोंगराकडे काही मागायचं नाही, नुसतं ‘आलोय, जाऊ दे’ म्हणायचं, हेही आईनंच सांगितलेलं. इतकी वर्षं तिनं ते पाळलं. त्या सकाळी मात्र तिनं मागितलं. एवढी खेप निभावून ने म्हणाली, माझ्या कानांची लाज राख.

गेल्या पावसाळ्यापासून तिला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. नदी ऐकू यायची, घुबड ऐकू यायचं, गाडी चालवणाऱ्या नार्सिसोच्या शिव्या तर न सांडता पोचायच्या. पण सुईच्या टोकासारखे जे आवाज असतात, शेंड्याशेंड्यांतून उडणाऱ्या चिमुकल्या पाखरांचे, ते एकेक करून गेले. आधी तिला वाटलं, यंदा पाखरंच कमी आलीत. मग एकदा एक इवलासा पक्षी तिच्या डोळ्यांसमोर चोच उघडून, गळा फुगवून गाताना दिसला आणि तिला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. त्या दिवशी तिला कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

घाटाखालच्या ढगाळ जंगलात डोळे मागाहून येतात, आधी कान. धुक्यात पाच पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथे पाहुण्यांना पक्षी दाखवायचा तर तो ऐकूनच शोधावा लागतो. फोर्तुनाता आयुष्यभर हेच करत आली होती. वर गवताळ माळापासून खाली बांबूच्या रानापर्यंत, तिथून होडीनं नदीकाठच्या तळ्यांपर्यंत. रस्त्याचं एकेक वळण तिला आवाजानं पाठ होतं. पण आता कुस्कोच्या आदेलाइदाबाई, ज्यांच्या या सहली असायच्या, निघताना म्हणाल्या होत्या, “मागच्या पाहुण्यांनी तक्रार केली, फोर्तुनाता. म्हणे पुष्कळ पक्षी सुटले. ही खेप करून ये, मग बसून बोलू.” बसून बोलण्याचा अर्थ फोर्तुनाताला ठाऊक होता. म्हाताऱ्या झालेल्या वाटाड्यांना त्या कचेरीत फोनवर बसवत. बहिरीला फोनवर बसवणार, या विचारानं तिला एकटीलाच हसू आलं होतं आणि लगेच रडूही.

नशीब असं की या खेपेला पाहुण्यांत बिर्गिट होती. कॅनडाचं जोडपं साधं होतं, लाल-पिवळं काही दिसलं की खूश. पण ही डेन्मार्कची उंच, पांढऱ्या केसांची बाई जन्मभर पियानो सुरात लावायचं काम करत आलेली. तिला सगळं ऐकू यायचं. तिला बघायचा होता तोरोरोई, आणि तो दाखवायचा शब्द आदेलाइदाबाईंनी देऊन ठेवलेला. तांबडापांढरा, लांब टांगांचा, शेपूट जवळजवळ नसलेला हा पक्षी झुडपांखाली जमिनीवर पळत राहतो, तीन शिट्ट्या मारतो आणि सहसा कुणाला दिसत नाही. ‘ही शीळ मी घरी ध्वनिफितीवर ऐकलीय,’ बिर्गिट आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली होती, ‘आता तिचा मालक बघायचाय.’

माळावर सगळं ठीक गेलं. तिथे उघडं रान, पक्षी डोळ्यांनीच सापडतो. झाडं सुरू झाली आणि बिर्गिट थबकली.

“ते काय? अगदी बारीक, वरून खाली उतरत येणारं?”

फोर्तुनातानं मान कलती करून ऐकल्यासारखं केलं. “वारा असेल.”

“वारा असा सुरात नसतो,” बिर्गिट म्हणाली. रागानं नाही, नुसतीच.

तेवढ्यात नार्सिसोनं गाडी जरा पुढे नेऊन थांबवली आणि मागचा टायर बघायला उतरला. नार्सिसो तिच्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीला टेकलेला, तिला मावशी म्हणणारा. या खेपेला टायरनं त्याला फार छळलं होतं. पण नेमका टायरच्या वरच्या फांदीवर एक निळ्या डोक्याचा पक्षी बसला होता. फोर्तुनातानं तो झटकन ओळखला, दाखवला, सगळे खूश झाले. डोंगरानं ऐकलं, तिला वाटलं. उतरताना टायरनं त्यांना आणखी कितीदातरी थांबवलं, आणि दरवेळी आसपास काहीतरी होतंच.

संध्याकाळी विसाव्याच्या घरात तळलेला ट्राउट मासा आणि युकाचा कंद खाताना तिनं पाहुण्यांना जुन्या रस्त्याची गोष्ट सांगितली. पूर्वी हा रस्ता इतका अरुंद होता की एक दिवस गाड्या फक्त खाली जायच्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त वर यायच्या. तुमचा दिवस चुकला तर घाटातच मुक्काम. लाकडाचे ट्रक, कोंबड्या, केळ्यांचे घड, बाळंतिणी, सगळे आपापल्या दिवसाची वाट बघायचे. पक्षी दाखवणारेही तसेच, सगळे एकाच दिशेनं. म्हणून त्यांच्यात एक रीत पडली होती. पायवाटेत शिरताना वरच्या वळणाच्या दगडावर आपली टोपी ठेवायची. टोपी दिसली की मागून येणाऱ्यानं समजायचं, आत कुणीतरी पक्ष्याला शीळ घालतंय, आपण तोंड बंद ठेवायचं. “किती गोड दिवस होते,” ती म्हणाली. “कुणाची टोपी कुठली ते आम्हाला लांबून कळायचं. आता रस्ता रुंद झालाय, कोण कधी येतो नि जातो, पत्ता नाही.”

टोपी ठेवायची रीत मात्र जुन्यांनी सोडली नव्हती. दुसऱ्या सकाळी तिनंही आपली तपकिरी टोपी वरच्या वळणावर ठेवली आणि सगळ्यांना घेऊन खालच्या वळणाकडे उतरणाऱ्या बांबूच्या पायवाटेत शिरली. नार्सिसोही मागून आला. म्हणाला, टायर आज बरा आहे.

आत जाऊन तिनं सगळ्यांना ओल्या पाचोळ्यात खाली बसवलं आणि तोरोरोईची शीळ घातली. पहिली वर, पुढच्या दोन जरा खाली. तोरोरोईचा आवाज भरीव, तेवढा तिला अजून ऐकू यायचा. धुकं हललं नाही. ती थांबली, पुन्हा घातली.

खालून, बांबूपलीकडून, उत्तर आलं.

फोर्तुनाताचे डोळे भरून आले. कितीतरी महिन्यांनी तिनं पाहुण्यांसाठी पक्षी स्वतःच्या कानांनी शोधला होता. ती शीळ घाली, तो उत्तर देई. ती जरा पुढे सरके, तोही जवळ येई. कॅनडाच्या बाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. आदेलाइदाबाईंना आता काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा फोर्तुनाताच्या मनात जुळू लागली.

बिर्गिट मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. ती पुढे सरकून कानाशी कुजबुजली, “याची पहिली शीळ बेसूर आहे. आणि मागून हवा सुटते.”

“पक्ष्यांतही म्हातारे असतात,” फोर्तुनाता म्हणाली. तिला त्या बाईचा राग आला. इतकं चांगलं चाललंय, आणि हिला सूर सुचतोय. नार्सिसो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला होता.

पक्षी आता अगदी पुढ्यातल्या झुडपाआड होता. फोर्तुनातानं श्वास रोखून शेवटची शीळ घातली. झुडूप हललं, फांद्या बाजूला झाल्या आणि गुडघ्यांवर रांगत, तोंडाचा चंबू करून, एलेउतेरिओ बाहेर आला. त्याच्यामागे ओणवे झालेले त्याचे दोन पाहुणे.

एलेउतेरिओ खालच्या पिल्कोपाताचा. तिच्यासारखाच जुना वाटाड्या आणि तिचा कोंपाद्रे. तिच्या लेकीच्या जावळाची पहिली बट त्यानंच कापली होती, म्हणून हे मानलेलं नातं, आणि ती त्याची कोमाद्रे. कोण जास्त पक्षी दाखवतो यावर दोघांचं जन्माचं हाडवैर, पण कोंपाद्रेशी भांडण धरायचं नसतं म्हणून दोघं थट्टेवर भागवत.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो टाचांवर बसला.

“कोमाद्रे,” तो म्हणाला, “अर्धी सकाळ तुझी मनधरणी करतोय. एवढी मी माझ्या बायकोचीही केली नाही.”

“टोपी कुठे ठेवलीस?”

“खालच्या वळणावर. आम्ही जंगलातून वर चाललोय. आणि तुझी?”

“वरच्या.”

दोघांच्याही टोप्या आपापल्या जागी इमानानं बसल्या होत्या. सगळे एकाच दिशेनं जात तेव्हाची ती रीत. खालून कुणी येईल हे ती घालून देणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एलेउतेरिओचे पाहुणे हसू लागले, मग कॅनडावालेही.

“माझी पाहुणी म्हणत होती, पहिली शीळ बेसूर आहे,” फोर्तुनाता म्हणाली.

“नवी कवळी आहे. बसली नाही अजून.” त्यानं बोटानं कवळी दाबली. “पण तुला कळलं नाही? तुला, कोमाद्रे? पूर्वी मी नुसता खाकरलो तरी तू म्हणायचीस, एलेउतेरिओ आला.”

तो चेष्टेनंच बोलला होता. पण फोर्तुनाता हसली नाही. बिर्गिट तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात पकडल्याचा आनंद नव्हता. जन्मभर कानांवर पोट भरलेल्या बाईचं ते बघणं होतं. फोर्तुनाताला वाटलं, हिच्यापुढे आता खोटं बोललं तर आपल्याला स्वतःचं तोंड बघवणार नाही.

“नाही कळलं,” ती म्हणाली. “बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. पावसाळ्यापासून. बिर्गिटबाई, काल वारा नव्हता.”

एलेउतेरिओनं हातातली काडी मोडली. मग नार्सिसो म्हणाला, “टायरही खराब नव्हता, मावशी.”

तिला क्षणभर उमगलं नाही. पाखरू ऐकू येईल तिथेच तो गाडी थांबवत आला होता, हे उमगलं तेव्हा तिनं हळूच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हात तिथेच राहू दिला.

एवढ्यात बिर्गिटनं तिचा दंड धरला. हनुवटीनं समोर दाखवलं. दोन्ही टोळ्यांच्या मधोमध, पायवाटेच्या चिखलात, एक तांबडापांढरा पक्षी उभा होता. लांब टांगा, ताठ छाती. आपल्या हद्दीत सकाळपासून दोन दोन परके नर ओरडत आहेत, एक तर धड सुरातही नाही, हे त्याला सोसवलं नव्हतं. तो इकडे धावला, थांबला, तिकडे धावला. मग त्यानं छाती फुगवून तीन शिट्ट्या मारल्या, आणि त्या तिनंही ऐकल्या, सगळ्यांच्या बरोबरीनं. हलकेच उड्या मारत तो बांबूत नाहीसा झाला. बिर्गिटच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

“माझ्यामुळे आला,” एलेउतेरिओ कुजबुजला.

“तुझ्या कवळीमुळे आला,” फोर्तुनाता म्हणाली.

निघताना त्यांनी ठरवलं की यापुढे पायवाटेत शिरण्याआधी दोन्ही टोकांना माणूस पाठवून टोपी आहे का ते बघायचं. खालच्या वळणावर एलेउतेरिओची टोपी होती, वरच्या दगडावर तिची. वर जाताना त्यानं तिची उचलली आणि खाली उतरताना तिनं त्याची. नंतर ध्यानात आलं, आणि त्याची टोपी तिच्याकडे तशीच राहिली.

नार्सिसोनं वर जाऊन गाडी खालच्या वळणावर आणली आणि ती उतरू लागली. हवा उबदार झाली, खिडकीतून पिकल्या केळ्यांचा वास आला. बिर्गिट पुढच्या सीटवर येऊन बसली होती. ती आवाज सांगायची, बारीक, दोन सुरांचा, शेवटी तुटणारा, आणि फोर्तुनाता डोळे मिटून तो आठवायची. सगळे आवाज होते तसे आत होते, एकही गेला नव्हता. ती नाव सांगायची, कुठल्या उंचीवर बघायचं ते सांगायची, आणि पक्षी तिथे असायचा. फोर्तुनातानं मनाशी ठरवलं, आदेलाइदाबाईंशी बसून आपणच बोलायचं. सांगायचं, बाई, यापुढे मी आणि नार्सिसो मिळून एक वाटाड्या. त्याला नुसता गाडीवान म्हणून ठेवू नका. कबूल नसेल, तर पिल्कोपातात एक बेसूर शिळेचा माणूस आहे, त्याला जोडीदार हवाच आहे.

बांबू संपून नदीचा आवाज येऊ लागला तेव्हा गाडी थांबली. नार्सिसोनं सवयीनं दार उघडलं.

“टायर बघतो, मावशी.”

“टायर राहू दे,” फोर्तुनाता म्हणाली, आणि तिनं दुर्बीण उचलली. “कुठल्या बाजूला आहे, तेवढं सांग.”