बहुउद्देशीय सहायक

पहिला फटका जयवंताच्या खांद्यावर बसला. दुसरा तिनं मनगटावर झेलला, आणि हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. फाटकाला आडवा लावायचा लोखंडी दांडा संघपालच्या हातात होता. दोन मिनिटांपूर्वी तो तिनंच काढून बाजूला ठेवला होता.

"वंदना कुठंय?"

"इथं कुणीबी नाही."

जामबागेतल्या या महिला आश्रयगृहाचा नियमच होता तो. दाराशी नवरा येवो, भाऊ येवो, नाहीतर वकील, उत्तर एकच. फाटक उघडायचं नाही हा दुसरा नियम. तो आज जयवंतानं मोडला होता आणि तिला स्वतःचाच संताप येत होता. चार वर्षांत तिनं तेलुगूत शिव्या खाल्ल्या, उर्दूत धमक्या ऐकल्या, दांडा जागचा हलू दिला नाही. पण आज भरदुपारी बाहेरून कुणी तरी "जय भीम, ताई. नांदेडहून आलो, बहिणीची औषधं द्यायचीत," म्हणालं आणि तिचा हात आपसूक पुढे झाला. त्या दोन शब्दांना तिच्या घरात कधी कुणी दार लावून घेतलं नव्हतं. हरामखोरानं नेमके तेच वापरले.

मागच्या वर्षापर्यंत फाटकावर वॉचमन असायचा. सात माणसं होती तेव्हा. आश्रयाला येणाऱ्या बायका दुप्पट झाल्या आणि माणसं उरली तीन, तीही कंत्राटी. वॉचमनची जागा गेली, तेव्हा जयवंताच्या ओळखपत्रावर 'बहुउद्देशीय सहायक' असं छापून आलं. म्हणजे झाडू तिचा, रजिस्टर तिचं, फाटक तिचं, आणि आज मारही तिचाच. एवढ्याशा माणसांत काम भागवलं म्हणून संचालकांनी भाषणात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार! समुपदेशक मॅडमच्या गळ्यात आता दोन केंद्रं होती, आज त्या सिकंदराबादच्या केंद्रात होत्या. स्वयंपाकीण किराण्याला बेगम बाजारात, बाकीच्या बायका शिवणवर्गाला. वर खोलीत एकटी वंदना होती.

जयवंता मागे सरत जिन्यापर्यंत गेली आणि पहिल्या पायरीवर आडवी बसली.

"मावशी, हट. बायको आहे माझी."

"जबडा मोडला तवा कुणाची होती?"

तोंडातून निघून गेलं. वंदना इथंच आहे, हे आता सांगून झालं होतं.

संघपालनं तिच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. तिसरीला तिच्या तोंडात रक्त आलं. ते ती त्याच्या बुटावर थुंकली, तेव्हा त्यानं तिचे केस धरून डोकं कठड्यावर आपटलं. ती ओरडली नाही. ओरडलं तर वरची खाली येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वरची तरीही आली. जबड्याला तार बांधून अकरा दिवस झाले होते. वंदना दात न उघडता बोलली.

"मारू नका त्यांना. येते मी."

"हौ. असं पाहिजे," संघपाल म्हणाला. त्याचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "चल, घरी जाऊ. कायको तमाशा?"

वंदना एकेक पायरी उतरत आली, तसा संघपाल जयवंताला ओलांडून तिला धरायला वर चढला. पुढच्या खेपेला ही जिवंत येणार नाही, असं डॉक्टरांनी समुपदेशक मॅडमना सांगितलं होतं, ते जयवंतानं दाराआडून ऐकलं होतं. तिनं चांगल्या हातानं संघपालचा घोटा पकडला.

"सोडा, मावशी," वंदना म्हणाली.

"नक्को. मर म्हटलं तरी सोडत नाही."

संघपालनं खाली जयवंताकडे वळून पाय झटकला. दुसऱ्या टाचेनं तिचा हात चिरडला. बोटं सुटेनात. दांडा मारावा तर स्वतःच्याच पायाला लागला असता. त्यानं वैतागून तो मागे धरला, बाहेरून आल्यावर हेल्मेट धरायचा तसा, वंदनाकडे न बघता.

"धर."

वंदनानं दांडा घेतला. सात वर्षांच्या सवयीनं घेतला.

संघपाल खाली वाकून जयवंताचं एकेक बोट उलगडू लागला. जयवंताला त्याच्या खांद्यावरून वंदना दिसत होती. तिनं दांड्याला दुसराही हात लावला आणि एक पायरी वर चढून उभी राहिली.