ग्वेनोल बोट आणि बाहेरच्यांचा नियम

माझ्या अंगावरचा निळा रंग नवा आहे. मित्रांनो, तो नखाने खरवडलात तर खाली हिरवा सापडेल, आणि हिरव्याखाली काळा. काळा रंग हॉलंडातल्या कारखान्यातला, जिथे १९९३ साली मी जन्मले. हिरव्या रंगात मी अठ्ठावीस वर्षं वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, पोर्थ हेलिग नावाच्या लहानशा बंदरात राबले. मी शिंपल्यांची बोट. तिथे मला ग्वेनोल म्हणत, म्हणजे पाकोळी. आता साठ हात लांब, बसक्या पोटाची ही लोखंडी बाई पाकोळी कशी, ते नाव ठेवणाऱ्यालाच विचारा.

नाव ठेवलं ग्वीलिम प्रोबर्टने. तो माझा मालक आणि कप्तान. मला न्यायला तो स्वतः हॉलंडात आला, एका कागदावर सही केली आणि मला घेऊन निघाला. हॉलंड, फ्रान्स आणि ग्वीलिमचा देश तेव्हा एकाच व्यापारी संघात होते. त्यामुळे मला नेणं शेजारणीकडून विळी आणण्याइतकं सोपं होतं.

माझं काम ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आम्ही काळे शिंपले नुसते पकडत नव्हतो, त्यांची शेती करत होतो. उघड्या समुद्रातल्या वाळूच्या दांड्यावर नखाएवढी पिल्लं लाखोंनी धरतात. ती तिथेच राहिली तर पहिल्या वादळात मरतात. मी माझ्या दोन्ही बगलांच्या लोखंडी जाळ्यांनी ती अलगद उचलायची, खाडीत आणायची आणि आमच्या शेतावर पेरायची. मग तीन वर्षं थांबायचं. भरतीला तीन पुरुष पाणी चढतं, ओहोटीला तेवढंच उतरतं, आणि खाली ती काळी पिल्लं तोंडं उघडून समुद्र गाळत बसतात. एकेक शिंपला दिवसाला बादलीभर पाणी गाळतो, आणि असे लाखो. मी त्यांच्यावरून जाताना इंजिनाचा आवाज कमी झाला तर बरं, असं मला वाटायचं. देवळावरून जावं तसं.

तीन वर्षांनी माल तयार झाला की सोमवारी फ्रान्सहून एरवानची गाडी यायची. एरवान हा ब्रिटनीचा व्यापारी, जाडजूड आणि तोंडाचा गोड. शिंपले न धुता, गाळासकट, जिवंत गाडीत चढायचे आणि त्याच्या गावच्या टाक्यांत स्वच्छ व्हायचे. धुतलेला शिंपला दमतो, लांबचा प्रवास सोसत नाही, म्हणून रीतच तशी होती. बुधवारी ते कोणाच्या तरी ताटात असत. पोर्थ हेलिगमध्ये ते कोणी खात नसे. ग्वीलिमने तर आयुष्यात एकही चाखला नव्हता.

बंदराच्या जत्रेत मला पताका लावत. लोक म्हणत, "ग्वेनोलसारखी बोट नाही." मी तेव्हा थोडी फुगायची, हे कबूल करते.

दर वसंतात ग्वीलिम मला ओढून वर घ्यायचा आणि माझं पोट खरवडायचा. पाण्यात राहणाऱ्या लोखंडावर जीव चिकटतातच. त्याची मुलगी नेरिस शाळेत असल्यापासून या कामाला यायची. पुढे तिने कप्तानाची परीक्षाही दिली आणि पास झाली.

"बाबा, सुकाणू कधी देणार?" ती विचारायची.

"मी अजून मेलो नाही, पोरी."

मग २०१६च्या जूनमध्ये मतदान झालं. संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न. लोकांनी पेन्सिलीने कागदावर फुली मारली. मी त्या दिवशी धक्क्याला बांधलेली होते. भरती नेहमीच्या वेळेला आली, ओहोटी नेहमीच्या वेळेला झाली. मी चंद्राला पाणी ओढताना पाहिलंय, पण पेन्सिलीच्या फुलीत एवढी ओढ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचा जुना खलाशी इद्रिस जाळ्या धूत होता. त्याच्या जिभेला हाड नाही.

"कप्तान, समुद्र आपला झाला म्हणे," तो म्हणाला. "आता भरती आपल्याला विचारून येणार."

"थट्टा पुरे," ग्वीलिम म्हणाला. "इतकी वर्षं बाहेरच्या बोटी आपल्या दारातले मासे नेताहेत. कोणीतरी त्यांना थांबवायलाच हवं होतं."

"मासे नेतात ते, शिंपले नाही," नेरिस म्हणाली. "शिंपले आपण होऊन त्यांना विकतो. त्यांनी नाही घेतले तर कोण खाणार? तुम्ही खाणार?"

"मला त्यांचा वास सहन होत नाही, तुला माहीत आहे."

"गावात कोणालाच होत नाही, बाबा. तेच म्हणतेय मी."

कुणी कोणत्या बाजूने मत दिलं हे त्या घरात विचारायची पद्धत नव्हती, पण माझ्या केबिनला सगळं कळलं होतं.

दोन वर्षांनी वाळूच्या दांड्यावर पिल्लं आली, आणि ती अशी आली की मी जन्मात पाहिली नव्हती. पाण्याखाली काळी सतरंजी अंथरावी तशी. आम्ही पहाटेपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारल्या. माझ्या जाळ्या वाकल्या, इद्रिसची पाठ वाकली. ग्वीलिम शेताकडे बघत नेरिसला म्हणाला, "हा माल तयार झाला की विकायचा, आणि त्या दिवशी मी उतरणार. ग्वेनोल तुझी."

नेरिसने सुकाणूवर हात ठेवला. तीन वर्षं मी त्या शेतावरून जपून जा-ये केली. माझी पुढची कप्तान त्या शिंपल्यांत वाढत होती.

२०२१च्या जानेवारीत देश खरोखर बाहेर पडला. माल तयार होता, टपोरा, गच्च भरलेला. पहिल्या सोमवारी एरवानची गाडी भरून गेली आणि शुक्रवारी तशीच परत आली. फ्रान्सच्या बंदरात अधिकाऱ्याने कागद पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. निम्मे शिंपले तोंड वासून मेले होते. उरलेले आम्ही पुन्हा खाडीत टाकले. पेरलेलं पीक कापून पुन्हा शेतात ठेवताना कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"चार महिन्यांची गडबड आहे," ग्वीलिम म्हणाला. "नवीन नियम आहे, निस्तरतील."

नेरिस दोन दिवस फोनला चिकटून होती. तिसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये एक कागद घेऊन आली. "संघाबाहेरच्या देशांतून न धुतलेले जिवंत शिंपले आत घेऊ नयेत," तिने वाचलं.

"पण पाणी तेच आहे आपलं. डिसेंबरला चालत होतं ना?"

"डिसेंबरला आपण आत होतो."

"मग हा नियम केला कोणी? आपल्याला धडा शिकवायला?"

"नवीन नाहीये तो. आपण आत होतो तेव्हाचाच आहे. परदेशी माल स्वस्तात येऊ नये म्हणून केलेला. त्यावर आपल्या बंदरातल्या शिंपलीवाल्यांच्या मंडळाचं मत मागवलं होतं. सगळ्यांनी हो म्हणून सह्या केल्यात." ती थांबली. "पहिली सही कोणाची आहे, वाचू?"

"नको," ग्वीलिम म्हणाला.

इद्रिस दारात उभा होता. तो परत जाळ्यांकडे गेला. ग्वीलिम म्हणाला, "मला वाटलं होतं, बाहेरचे म्हणजे कोणीतरी लांबचे."

मित्रांनो, मी लाटा पाहिल्या आहेत, पण त्या एका कागदाची ताकद पाहून मी थक्क झाले. त्याने पाण्याचा एक थेंबही हलवला नाही, एका शिंपल्याला हात लावला नाही. आणि खाडीतली तीन वर्षं त्याने जागच्या जागी बसवून ठेवली.

इथेच धुण्याच्या टाक्या बांधाव्यात तर वेळ नव्हता. तयार शिंपला थांबत नाही. ते एकमेकांवर वाढत गेले, खालच्यांचे तळ धरून ठेवणारे धागे चिखलात सुटले, आणि मार्चच्या वादळाने शेत गुंडाळून उचललं आणि खोल समुद्रात नेऊन टाकलं. सकाळी माझ्या जाळ्यांत फक्त गाळ आला. नेरिसने तो हातात घेऊन पाहिला. ग्वीलिम तिला म्हणाला, "मला माफ कर, पोरी." ती रडली, सगळ्यांसमोर.

त्यानंतर मी धक्क्याला बांधलेली राहिले. वसंत आला, पण कोणी मला वर ओढलं नाही. उन्हाळाभर माझ्या पोटावर काय काय चिकटत होतं, मला गुदगुल्या व्हायच्या. माझ्याकडे बघायचा कोणाला धीर होत नव्हता. नेरिस चहाच्या दुकानात कामाला लागली.

ऑगस्टमध्ये एरवानचा फोन आला. त्याला त्याच्या किनाऱ्यावर बोट हवी होती. "तुमचे शिंपले घेता येत नाहीत, बोट येते," तो म्हणाला. आपण कसं बोललो हे त्यालाच कळलं आणि तो ओशाळला. नेरिसने विचारलं, बोटीबरोबर कप्तानही चालेल का. एरवानला चाललं असतं, पण तिला तिथे कामाचा परवाना मिळत नव्हता. फिरायला नव्वद दिवस, कामाला एकही नाही. मी लोखंडाची, म्हणून मला येता येत होतं.

"पोचवायला कोणीतरी लागेलच," ग्वीलिम म्हणाला. "सुकाणू नेरिसच्या हातात असेल. मी किनाऱ्यावरून बघेन."

सप्टेंबरात आम्ही निघालो. नेरिस कप्तान, इद्रिस खलाशी. दोन दिवसांचा प्रवास. तिने मला असं चालवलं की माझं इंजिन कधी इतकं शांत बोललं नव्हतं. वाटेत नकाशावर ती रेघ आली, जिच्यापुढे संघाचं पाणी सुरू होतं. मी लक्ष देऊन पाहत होते. पाणी तसंच हिरवट होतं, लाट तीच होती. रेघेवर एक समुद्रपक्षी बसून पंख साफ करत होता.

ब्रिटनीच्या बंदरात तरुण अधिकारी आला. त्याने माझा जन्माचा दाखला पाहिला, इंजिनाचा नंबर पाहिला, नेरिसच्या पासपोर्टवर शिक्का मारला. मग इद्रिसच्या हातातल्या हॅमच्या सँडविचकडे बोट केलं.

"मांस आणता येत नाही. संघाबाहेरून आलात ना."

"अहो, निम्मं खाल्लंय मी."

"उरलेलं निम्मं द्या."

"खाल्लेल्या निम्म्याचं काय करणार?" इद्रिस म्हणाला. पण सँडविच गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी एरवानने मला क्रेनने वर उचललं. पाणी निथळलं आणि खाली उभी असलेली सगळी माणसं वाकून बघू लागली. माझ्या पोटाखाली, सुकाणूपासून मध्यापर्यंत, काळे शिंपले होते. जिवंत, न धुतलेले, पोर्थ हेलिगचे, शेकड्याने. उन्हाळाभर न खरवडल्यामुळे वाढलेले. अधिकाऱ्याने सँडविच धरलं होतं तेव्हा ते त्याच्या पायाखालून शांतपणे आत गेले होते.

एरवानने टोपी काढली. "यांचे कागद?"

"विचारू नकोस," नेरिस म्हणाली. मग तिने फोन लावला. "बाबा, आपला माल पोचला."

पलीकडे ग्वीलिम हसला असावा, किंवा रडला असावा. नेरिसने फोन कानाला धरून माझ्या पोटाला हात लावला, आणि ती तशीच उभी राहिली.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बोटीचं ऐकाल तर दोनच गोष्टी सांगते. आमचं पोट वर्षातून एकदा खरवडत जा, आम्हाला विसरू नका. आणि बाहेरच्यांसाठी कधी नियम लिहायची वेळ आली, तर कागद घेऊन आधी दाराबाहेर जा, तिथे उभं राहून तो मोठ्याने वाचा, आणि मगच सही करा.