मागच्या खोलीची खिडकी

गल्लीतले लोक त्याला पाहुणा म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. उलट खूश व्हायचा. "खरंच आहे की! आपण सगळेच इथं पाहुणे. आपलं घर वर, प्रभूजवळ," असं थापी धुता धुता सांगायचा. धंद्यानं गवंडी. दुसऱ्यांच्या भिंती अशा उभ्या करायचा की ओळंब्याला नाव ठेवायला जागा नाही. स्वतःच्या घराचा गिलावा मात्र लग्नाआधीपासून राहिला होता.

बायकोनं लग्नानंतर एकच हट्ट धरला. मागच्या खोलीला खिडकी हवी. "अहो, भरदुपारी दिवा लावावा लागतो मला."

"एवढ्याशा मुक्कामाला कशाला गं खिडकी?" असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा. श्रद्धा होती, नाही असं नाही. पण दिवसभर लोकांची घरं बांधून आल्यावर घरी पुन्हा थापी धरायला त्याच्या जिवावर यायचं, आणि आळसाला देवाचं नाव दिलं की बायको गप्प बसते. ती बसली. पुढं पुढं तर तीच शेजारणींना सांगू लागली, आमचं घर वर आहे म्हणून.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा लेक काय ते समजली आणि सासरहून येऊन राहिली. पुढच्या खोलीत माणसांचा राबता, म्हणून आईची खाट मागच्या खोलीतच होती. आई शांत होती. "घरीच तर चाललेय," म्हणायची. रडत आलेली माणसं तिच्याकडून धीर घेऊन परत जायची.

एकदा आईचं अंग पुसता पुसता लेक बापावर कडाडली. "बाबा, अख्ख्या गावाला खिडक्या दिल्यात तुम्ही. हिला जाताना तरी उजेड दिसू द्या!"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं बायकोला शेजारणीकडे हलवलं आणि छन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भिडला. चौकट बसवली, कडा घोटल्या, झडपा लावल्या, खोली धुऊन काढली. मग खाट खिडकीशी लावली.

बाहेर डोळे दिपावेत असं काही नव्हतं. वाळत घातलेली धुणी, एक भांडकुदळ कोंबडी, आणि सायकल शिकणारी एक पोरगी. पोरगी धपकन पडायची, इकडेतिकडे बघायची, पुन्हा चढायची. बायको खुदकन हसली. त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली. "आज कमी वेळा पडली हो ती," असं रोज सांगू लागली, आणि पाहुण्याला वाटलं, उशिरा का होईना, आपल्या हातून एक बरं काम झालं.

एका सकाळी बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"दुखतंय का गं?"

"मला जायचं नाही हो." मग दम खात म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं, इथं आहेच काय सोडून जाण्यासारखं. आता रोज दिसतंय."

दुसऱ्यांच्या घरी मयत झालं की वरच्या घराबद्दल तासभर बोलणारा माणूस. तो नुसती तिची उशी सारखी करत राहिला. तिला आपण स्वर्गाची ओढ लावली असं तो समजत होता. त्यानं फक्त इथलं काही तिच्या वाट्याला येऊ दिलं नव्हतं. आणि आता जे दिलं होतं, त्यानं तिचं मरण अवघड करून ठेवलं होतं. त्याला स्वतःची मनापासून घृणा वाटली.

"बंद करा ती," ती म्हणाली.

"अगं, तुला उजेड हवा होता ना?"

"हवा होता. तेव्हा." तिनं डोळे पुसले. "ती पोरगी दिसली की राहावंसं वाटतं. मला जायला सोपं करा."

त्यानं दोन्ही झडपा ओढून घेतल्या. काम इतकं चोख की फटीतून उजेडाची रेघही आत आली नाही. तो अंधारात चाचपडत खाटेशी बसला आणि तिचा हात हातात घेतला.

बाहेर सायकलची घंटा वाजली, पडल्याचा आवाज काही आला नाही. तिची बोटं त्याच्या हातात हलली. पाहुणा मनातल्या मनात देवाला म्हणाला, नेऊ नकोस हिला.