उजवा लिव्हर

कॅप्टनबाईंनी इंजिन बंद करायचा लिव्हर मुठीत धरला आणि मागे ओढायला घेतला, तेवढ्यात त्यांच्या हातावर एक गार हात पडला.

"थांबा, मॅडम," शेजारच्या खुर्चीतली मुलगी म्हणाली. "आधी बघूया."

समोर तांबडा दिवा पेटलेला होता, भोंगा कानठळ्या बसवत होता, विमान डावीकडे ओढ घेत होतं. डाव्या इंजिनाला आग लागली होती. आणि कॅप्टनबाईंच्या मुठीत लिव्हर होता तो उजव्या इंजिनाचा. धडधाकट इंजिनाचा.

"डावं," मुलगी म्हणाली.

"डावं," बाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

पुढचं सगळं मुलीनं बिनबोभाट केलं. एका इंजिनावर विमान फिरवलं, धावपट्टीवर आणलं, टेकवलं. मग पडदा काळा झाला, दिवे लागले, आणि विमानाची पुन्हा एक खोली झाली. मोठ्या हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी असलेली, बिनखिडक्यांची, नकली विमानाची खोली.

मागच्या खुर्चीवरून संकटं सोडणारे परीक्षक टाळ्या वाजवत उठले. अख्खं केंद्र त्यांना मामा म्हणायचं.

"काय नाटक वठवलंत, मॅडम! क्षणभर मलाही खरं वाटलं."

बाई पट्टा सोडून उठल्या.

हा सारा घाट त्यांनीच घातला होता. कंपनीला आता नव्या वाटेनं वैमानिक घडवायचे होते: लहान विमानातले तास थोडके, बाकी सगळं शिक्षण या खोलीत, पहिल्या दिवसापासून जोडीनं. ही वाट धोक्याची आहे, असं बाईंचं ठाम मत होतं. त्या स्वतः वडिलांकडे शिकल्या होत्या. एका सकाळी वडील दोन खुर्च्यांच्या विमानातून उतरले, बाहेरून दार लावलं आणि म्हणाले, "जा, बाळ." त्या एकट्या आकाशात गेल्या आणि परत आल्या. तेव्हापासून त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. ही मुलगी नव्या वाटेची पहिली. तिला शेजारी बसवून तिचं कच्चेपण या वाटेचा निर्णय घेणाऱ्या समितीला दाखवायचं, एवढाच बेत होता. आगीची वेळ मामांवर सोडली होती. लिव्हरचं कुणीच काही ठरवलं नव्हतं.

हॉलबाहेरच्या व्हरांड्यात पाण्याच्या यंत्रापाशी मुलगी उभी होती. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. बरोबरीची मुलं तिला टिकली म्हणायची.

"मी चुकीचा लिव्हर धरलाय, हे तुला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

मुलगी ओशाळली. "खरं सांगू, मॅडम? कळलंच नव्हतं. आम्हाला शिकवलंय, इंजिन बंद करायला कुणाचाही हात गेला, की आधी थांबवायचं. मग दोघांनी बघायचं. तुमचा बरोबर असता, तरी थांबवलाच असता."

"आणि बघितल्यावर?"

"हबकलेच. मग वाटलं, तुम्ही मुद्दाम केलं असणार."

बाईंनी पेला यंत्राखाली धरला. तो भरून पाणी बुटांवर सांडलं, तरी त्यांना समजलं नाही.

"कधी एकटी उडाली आहेस?"

"एकदा. मैदानाला चक्कर मारून आले." मुलगी खाली बघत म्हणाली. "फार घाबरले होते. बाजूची खुर्ची रिकामी बघून बोलायलाच सुचेना."

समितीच्या खोलीत मामांनी सगळं रंगवून सांगितलं. अध्यक्ष हसत हसत बाईंकडे वळले.

"मग ताई, पोरगी तुमच्या सापळ्यात सापडली नाही तर!"

"सापळा नव्हता," बाई म्हणाल्या. "मी खरंच चुकले."

मामा हसले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचं हसू ओठांतच राहिलं.

"दमला असाल," अध्यक्ष म्हणाले. "चालायचंच. ही गोष्ट या खोलीतच राहील. मूळ मुद्द्यावर येऊ. तुमचा विरोध कायम ना? शेवटी हजारो लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. कच्च्या हातात विमान देऊन कसं चालेल?"

"एकटीनं उडणं तिला कमी पडलंय. ते वाढवायलाच हवं, त्याशिवाय परवाना नको," बाई म्हणाल्या. "पण ती जे शिकलीय, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मला कधी कुणी थांबवलंच नाही. आधी माझी चाचणी घ्या. तोवर मी विमान नेणार नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तोवर म्हणजे?"

"उद्याचंसुद्धा."

"अहो, काहीतरीच काय! उद्याचं विमान गच्च भरलंय. ऐनवेळी दुसरा कॅप्टन कुठून पैदा करू?" त्यांनी आवाज उतरवला, घरच्या माणसाची समजूत काढावी तसा. "एवढं मनावर घेऊ नका, ताई. उद्याचा दिवस निभावून न्या. शेजारी कुणीतरी असतंच की बसलेलं."

मामा टेबलाकडे बघत राहिले. बाई अध्यक्षांकडे बघत होत्या. इतक्या वर्षांच्या ओळखीचा हा माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत असावा, तशा.

मग त्यांनी टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि ड्युट्या लावणाऱ्या कचेरीचा नंबर फिरवला.

"उद्याच्या उड्डाणावरून माझं नाव काढा," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या मुलानं कारण विचारलं. आजारी लिहू का, म्हणाला.

"आजारी नाही," बाई म्हणाल्या. "चाचणी व्हायची आहे, असं लिही."