वरचा डबा आणि मी

मित्रांनो, मला पाठ नाही, हात नाहीत, गादी तर नाहीच नाही. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा संसार. मी स्वयंपाकघरातलं एक जुनं लाकडी स्टूल आहे. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. लोक माझ्यावर चढतात ते दुसरंच काहीतरी बघायला. पण आज मी बोलणार आहे, कारण माझ्या नावाने एका लहान मुलीवर खोटा आळ आला होता. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही.

या घरातले आजोबा सुतार. ते तरुण होते तेव्हा एका मोठ्या दाराच्या कामातून उरलेल्या लाकडातून त्यांनी मला घडवलं. रंधा मारला, काचकागदाने घासलं, आणि पोराच्या गुडघ्याला लागायला नको म्हणून माझ्या कडा गोल केल्या. त्यांच्या मुलाचा हात बेसिनच्या नळाला पोचत नव्हता, त्याच्यासाठी मी. तो माझ्यावर उभा राहून हात धुवायचा आणि अर्धं पाणी मलाच पाजायचा. पाहुणे येत, माझ्यावर थाप मारून म्हणत, "दणकट आहे हं!" मी आपला खूश.

पुढे मुलगा उंच झाला आणि माझं काम संपलं. मी दारामागे गेलो. माझ्यावर रद्दीचा गठ्ठा आला, मग गळकी बादली आली. ओलीने माझा एक पाय किंचित आखडला आणि मी डुगडुगू लागलो. कुणी म्हणालंसुद्धा, "फेकून का देत नाही हे?" आजोबा नुसते "असू दे" म्हणाले.

त्या मुलाचं लग्न झालं, तो स्वतः बाबा झाला. त्याच्या मुलीला सगळे बारकी म्हणतात. बारकी हसायला लागली की स्वयंपाकघरातली भांडी खाली पडल्यासारखा आवाज व्हायचा. असं खणखणीत हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

घरात येणारा प्रत्येक जण बारकीसाठी गोड काहीतरी आणायचा. चॉकलेटं, गोळ्या, क्रीमची बिस्किटं. शेवटी आई वैतागली. तिने सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं, मला दारामागून ओढलं, माझ्यावर चढली आणि डबा कपाटाच्या पार माथ्यावर ठेवला. "आता बघते कोण खातं ते!" ती म्हणाली. मला पुन्हा काम मिळालं होतं. मी कपाटाशेजारीच राहिलो.

पहिल्यांदा चढले ते आजोबा. दुपारची वेळ, आई-बाबा कामावर. त्यांचे गुडघे माझ्याहून जास्त वाजत होते. डब्यातून एक गोळी काढून त्यांनी बारकीच्या हातात ठेवली. "एकच हं, राणी. आईला सांगू नकोस."

मग आत्या. बारकीचा अभ्यास ती घ्यायची. पाढा पाठ झाला की आत्या माझ्यावर. "चॉकलेट एकच. आजोबांना कळता कामा नये."

संध्याकाळी बाबा. दिवसभर मुलीला भेटलो नाही म्हणून त्यांना चुटपुट लागायची. चपला काढायच्या आधी ते माझ्यावर चढत. "हे आपल्या दोघांचं गुपित, काय?"

आणि आई? जिने डबा वर ठेवला तीच! ताटात भाजी तशीच राहायची, आई दमलेली असायची. "एवढी संपव, मग एक बिस्कीट देते. बाबांना बोलू नकोस, मलाच बोल लावतील."

प्रत्येकाला वाटायचं, मी तर एकच देतो. एकाने काय होतंय? खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त सगळ्यांची बेरीज कुणाजवळ नव्हती. ती माझ्याजवळ होती, आणि मला तोंड नाही. बारकीला तोंड होतं, पण तिने प्रत्येकाला शब्द दिला होता. एवढ्याशा पोरीने चार मोठ्या माणसांची गुपितं पोटात ठेवली, मित्रांनो.

हळूहळू तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडले, मग खड्डे. "दुधाचेच दात, पडायचेच आहेत," असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं. ती एकाच बाजूने चावायला लागली. शाळेत कुणीतरी "काळे दात, काळे दात" म्हणालं असावं, कारण ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग हसणंच कमी झालं. घर किती सुनं झालं ते मलाच माहीत. एक दिवस माझ्यावर बसून ती गार पाणी प्यायली आणि अशी किंचाळली की आजोबांच्या हातातला चष्मा पडला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून ती परत आली तेव्हा गाल सुजलेला होता आणि तोंडात कापूस. एक दाढ काढावी लागली होती. आई दारातूनच बोलायला लागली. "बाई म्हणाल्या, हिच्या तोंडात दिवसभर गोड चालू असतं. हे थांबलं नाही तर बाकीच्याही जातील. आत पू झाला तर खालून येणाऱ्या पक्क्या दातांनाही धोका. दिवसभर? अहो, घरात देतं कोण हिला एवढं?"

बाबांनी कपाटावरचा डबा उतरवला. तळाला थोड्या गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण एकच देतो हे त्यांना ठाऊक होतं. मग बाकीचं गेलं कुठे?

"अस्सं! स्टुलावर चढून चोरून खातेस होय?"

बारकीने सुजलेल्या गालावर हात ठेवला.

"बोल की! कुणी दिलं तुला?"

"मी नाही सांगणार," ती कापसातून कशीबशी म्हणाली.

"म्हणजे चोरी कबूल! एवढीशी आहेस आणि चोरी करतेस? हे स्टूल आधी घराबाहेर काढा!"

आई खाली बघत होती. आत्या खाली बघत होती. आपणही देतो हे कळेल, ही भीती दोघींना गप्प बसवत होती. बारकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. मला तेव्हा इतका राग आला होता की काय सांगू!

दारात आजोबा उभे होते. त्यांनी माझ्यावर चढून डबा परत कपाटावर ठेवला आणि ते बाबांना म्हणाले, "तिला चढव स्टुलावर."

"अण्णा, आता हे काय मध्येच—"

"चढव म्हणतो ना."

बारकी चढली. आजोबा म्हणाले, "हात वर कर, बाळ. टाचा उचल." तिने चवडे ताणले, बोटं ताणली. बोटं कपाटाच्या कडीपर्यंत गेली. डबा कितीतरी वर होता.

"हे स्टूल मी तुझ्यासाठी केलं होतं, नळाला हात पोचावा एवढंच," आजोबा बाबांना म्हणाले. "त्या डब्याला ही पोर शिवूच शकत नाही. चोरी तिने नाही केली. मी द्यायचो. रोज दुपारी."

"अण्णा... मीही," आत्या म्हणाली.

आई पुढे आली. "भाजी संपवली की मी पण..."

उरले बाबा. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. "मीही देत होतो गं. आणि तुलाच चोर म्हणालो. चुकलो मी."

तेव्हा कुठे बारकीचा बांध फुटला. रडता रडता तिने विचारलं, "पण मी कुणाचंच नाव नाही ना सांगितलं?"

बाबांनी तिला माझ्यावरून उचलून छातीशी धरलं.

आता गोड असतं आठवड्यातून एक दिवस, जेवणासोबत, सगळ्यांदेखत. सुरुवातीला बारकीने फार रुसवे-फुगवे केले, आदळआपट केली. आजोबांचाच जीव जास्त तुटायचा. "मग दुपारी मी हिला देऊ तरी काय?" ते म्हणाले. बारकी म्हणाली, "रंधा द्या." मग दोघांनी मिळून माझे पाय सारखे केले. मी डुगडुगायचा थांबलो. डब्यात आता खिळे आणि स्क्रू असतात, आणि तो खालच्या फळीवर असतो.

काढलेल्या दाढेची जागा अजून रिकामी आहे. ती भरायला वेळ लागेल म्हणतात. पण पुढचा एक किडका दात पडला आणि तिथून पांढराशुभ्र नवा दात डोकावतोय. रोज सकाळ-रात्र बारकी माझ्यावर उभी राहून बेसिनच्या आरशात तो बघते आणि घासते.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं स्टूल तुमच्याही घरात असेल. त्याच्यावर खुशाल चढा. आपल्या घरच्या मोठ्यांनाही चढू द्या. फक्त चढण्याआधी, कशासाठी चढतोय ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचं. सांगता येत नसेल तर खाली उतरायचं. आणि कुठल्याही लहान मुलाला "कुणाला सांगू नकोस" म्हणून गोड देऊ नका. ते बिचारं खरंच सांगत नाही.

कालच बारकी माझ्यावर चढली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी सफरचंद घ्यायला चढतेय होऽऽ!" आतून बाबा तितक्याच जोरात ओरडले, "घे होऽऽ!" आणि ती हसली, तोंडावर हात न ठेवता. भांडी खाली पडल्यासारखा आवाज झाला.